प्रश्न आईंना विचारला होता, उत्तरही त्यांनाच देऊ द्या

पत्र

आम्ही दापोली तालुक्यात, हर्णैपासून जवळ राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ५९ आहे. हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि दापोलीच्या बाजारात विकायची, हा धंदा त्यांनी जन्मभर केला. आता तो मी करते. मशेरीची सवय त्यांना लहानपणापासून होती. गेल्या वर्षी गालाच्या आतली जखम बरी होईना म्हणून तपासणी केली आणि कॅन्सर निघाला. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात गणपतीनंतर शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन झाले आणि संक्रांतीच्या सुमारास आम्ही त्यांना घरी आणले. डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आहे; पण आई पहिल्यासारख्या राहिलेल्या नाहीत. बोलणे अस्पष्ट झाले आहे, म्हणून बोलतच नाहीत. तोंडावर पदर धरून बसतात, सगळ्यांची जेवणे झाल्यावर मागच्या पडवीत एकट्या जेवतात, रात्री जाग्याच असतात. शिमग्यात पालखी अंगणात आली तेव्हाही त्या बाहेर आल्या नाहीत. आता दिवाळी झाली, तरी फरक नाही. परवा म्हणाल्या, ‘माझ्यापायी घर बुडालं. मी गेले तर तुम्ही सुटाल.’

त्यांना आजाराचे नाव सांगितलेले नाही. ‘गाठ होती, काढली’ एवढेच सांगितले आहे. मुंबईचे माझे दीर म्हणतात, खरे कळले तर आई हाय खाईल. रुग्णालयात एकदा शून्य ते दहा आकड्यांचा कागद दिला होता, तो दिरांनीच शून्यावर खूण करून परत केला. तिथल्या समुपदेशक बाईंना आईंशी एकांतात बोलायचे होते, पण दीर म्हणाले, ‘आई खंबीर आहे, गरज नाही.’ डॉक्टर पाच मिनिटे जखम बघतात आणि पुढची तारीख देतात. मनाचे कोणीच बघत नाही. हे काम नक्की कोणाचे? मानसोपचाराचे नाव काढले तर दीर विचारतात, ‘आईला रत्नागिरीला नेऊन टाकायची का?’

– एक सून, दापोली तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्याबद्दल लिहिते, कारण ते उद्यावर ढकलता येणार नाही. ‘मी गेले तर तुम्ही सुटाल’ असे आई म्हणाल्या, त्यावर घरात कोणी काय बोलले ते तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून तो विषय तिथेच मिटवला गेला असेल. आपल्याकडे तसेच होते. आपण घरच्यांवर भार झालो आहोत ही भावना कर्करोगाच्या रुग्णांमध्ये फार आढळते आणि मरणाच्या इच्छेशी तिचा जवळचा संबंध असतो. म्हणून आजच, दोघीच असताना, त्यांना सरळ विचारा: ‘आई, जगणं नको असं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे; उलट कोणीतरी विचारले याचाच माणसाला आधार वाटतो. बोलणे जड जात असेल तर मानेने होकार-नकार पुरेसा आहे. उत्तर होकारार्थी आले किंवा त्यांनी नजर चुकवून विषय टाळला, तर त्यांना एकटे ठेवू नका. आंबा-काजूच्या फवारणीची औषधे, उंदराचे औषध, झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही ‘टेली मानस’ नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव कसा द्यायचा याचाही विचार त्यांनी केलेला आहे असे दिसले, तर त्याच दिवशी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात घेऊन जा. असे वाक्य बोलणाऱ्या अनेकांच्या मनात तसे काही करण्याचा हेतू नसतो, हेही खरे आहे; परंतु आईंच्या मनात काय आहे ते विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही आणि मलाही इथून सांगता येणार नाही.

आता तुमचा प्रश्न. हे काम उपचार करणाऱ्यांचेच आहे आणि ते उपचारांचाच भाग आहे. डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा त्यांच्या मोकळ्या वेळेवर ते अवलंबून असू नये, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केलेले आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारे केंद्र) सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी रुग्णांच्या दुखण्याकडे पाहताना शरीराची वेदना, मनाची घालमेल, पैशाची व घराची काळजी आणि श्रद्धेला बसलेला धक्का हे सगळे मिळून एकच दुखणे असते, अशी मांडणी केली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा उभी केली आणि पुढे त्यातून एक पूर्ण विद्याशाखा वाढली. आपल्याकडे मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झाले आणि २०१२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा) कार्यक्रम आखला. तेव्हा ‘मनाचे कोण बघणार’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारताना संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. जखमेचे विचारतो तितक्याच हक्काने तो विचारायचा असतो.

हे काम एकट्या मानसोपचारतज्ज्ञाचे नसते, हेही लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये २००४ साली यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे केली गेली, त्यांत चार पातळ्या कल्पिलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर रुग्णाला भेटणारा प्रत्येक जण येतो: मलमपट्टी करणारी परिचारिका, रेडिएशनच्या यंत्रावरचा तंत्रज्ञ, बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर. या सगळ्यांनी माणुसकीने विचारणे, ऐकणे आणि त्रास ओळखणे अपेक्षित आहे. त्यापुढे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका व समाजसेवक, मग समुपदेशक आणि शेवटी मानसशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ येतात. बहुतेक रुग्णांना शेवटच्या पातळीपर्यंत जावेच लागत नाही. आपल्या गर्दीच्या रुग्णालयांत पहिली पातळीच सर्वांत कच्ची राहते, कारण शंभर रुग्ण बाहेर बसलेले असताना ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. तुमची तक्रार त्या बाबतीत योग्य आहे.

मात्र तुमच्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मनाचे कोणीच बघितले नाही, असे घडलेले नाही. रुग्णालयाने दोनदा विचारले: एकदा त्या कागदावर, एकदा समुपदेशक बाईंच्या तोंडून. दोन्ही वेळा प्रश्न आईंना होता आणि उत्तर मुलाने दिले.

त्या कागदाला ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ म्हणतात. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती त्रास झाला हे रुग्णाने स्वतः शून्य ते दहामध्ये दाखवायचे असते. शून्य म्हणजे त्रास नाही आणि दहा म्हणजे असह्य त्रास. सोबत अडचणींची एक यादी असते आणि त्यांत पैसा, प्रवास, घरातील नाती, झोप, जेवण, भीती, उदासी, देवाधर्माबद्दलचे प्रश्न असे पुष्कळ काही येते. चार किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर प्रशिक्षित माणसाने बसून बोलावे असा सर्वसाधारण संकेत आहे. धीर किती आहे हे मोजण्यासाठी हा कागद केलेला नाही. दिरांना बहुधा तसे वाटले आणि आपली आई कमी पडू नये म्हणून त्यांनी शून्यावर खूण केली. त्यामागची माया मला कळते. पण त्या एका खुणेने आईंच्या फाइलमध्ये ‘त्रास नाही’ अशी नोंद झाली आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांनी तीच नोंद पाहिली असणार. यात रुग्णालयाचीही चूक आहे असे माझे मत आहे. नातेवाइकाने भरलेला कागद स्वीकारायलाच नको होता. ज्या रुग्णाला वाचता येत नाही, त्याला परिचारिकेने तो त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि बोट त्याला ठेवू द्यायचे असते.

समुपदेशक एकांत का मागतात, याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. घरच्यांवर अविश्वास म्हणून तो मागितला जात नाही. आई मुलासमोर कधीही ‘मला भीती वाटते’ म्हणत नाही, कारण मुलाला त्रास होऊ नये हीच तिची पहिली काळजी असते. एकांतात समुपदेशक फार काही बोलत नाहीत. समोर, त्याच उंचीवर बसून ‘सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?’ एवढे विचारतात आणि मग थांबतात. रुग्ण रडू लागला तर घाईने समजूत घालत नाहीत. जे ऐकले ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगून ‘मला बरोबर कळलं ना?’ अशी खात्री करून घेतात आणि यातले घरच्यांना काय सांगू, काय नको, हेही रुग्णालाच विचारतात. ज्यांचे बोलणे अस्पष्ट झाले आहे, त्यांच्यासाठी चित्रांची पाने, पाटी किंवा हो-नाही अशा उत्तरांचे प्रश्न वापरता येतात, मात्र त्याला वेळ लागतो. म्हणून भेटीची वेळ आधी ठरवताना ‘रुग्णाला बोलायला त्रास होतो’ हे सांगून ठेवा. पुढच्या भेटी घरून करता येतील का, हेही विचारा. आईंच्या बाबतीत साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कॉल बरा, कारण ओठ आणि चेहरा दिसल्यावर त्यांचे शब्द समजणे सोपे जाईल.

आता दिरांच्या भीतीबद्दल. ‘कळले तर हाय खाईल’ हे मी असंख्य घरांतून ऐकलेले आहे आणि ते नेहमी मायेपोटीच बोलले जाते. तरीही विचार करा. ज्या रुग्णालयात सगळेच कर्करोगाचे रुग्ण, तिथे आई रोज रेडिएशनच्या रांगेत बसल्या. आजूबाजूच्या बायकांशी चार शब्द झाले असतील, भिंतीवरचे फलक होते, मुंबईहून फोनवर दबक्या आवाजात होणारी बोलणी त्या घरात ऐकत आहेत. त्यांना आजाराचे नाव ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. ठाऊक नाही ती दुसरीच गोष्ट. आजार आटोक्यात आहे, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितले. आईंना ते कोणी कसे सांगणार, जेव्हा आजार होता हेच त्यांना सांगितलेले नाही? नाव लपवताना तुम्ही चांगली बातमीही लपवली आहे. ‘आपण जाणार, आणि घरचे आपल्यापासून लपवत आहेत’ असा अर्थ त्या कदाचित या शांततेतून काढत असतील आणि मनातल्या मनात आजार आहे त्याहून मोठा धरून बसल्या असतील.

यातून बाहेर काढण्याची पद्धत डॉक्टरांना शिकवली जाते. चांगला डॉक्टर नातेवाइकांना धुडकावून रुग्णासमोर सत्य बोलायला जात नाही. तो आधी मुलाला विचारतो, ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? हे लपवून ठेवताना तुम्हाला स्वतःला किती त्रास होतो आहे?’ त्यानंतर तो फक्त एवढीच परवानगी मागतो की, आईंना काय माहीत आहे आणि काय जाणून घ्यायचे आहे हे मला त्यांना विचारू द्या. मी स्वतःहून काही सांगणार नाही. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची रीत याच क्रमाने जाते. शांत जागा पाहून बसायचे, रुग्णाला काय समजले आहे ते विचारायचे, किती समजून घ्यायचे आहे ते विचारायचे, मग तेवढेच, थोडे थोडे, साध्या शब्दांत सांगायचे, त्यावर येणारे रडू किंवा राग थांबवायचा नाही आणि शेवटी पुढे काय करायचे ते मिळून ठरवायचे. ‘मला काही सांगू नका, मुलाशी बोला’ असे आईंनीच म्हटले, तर तोही त्यांचा अधिकार आहे आणि डॉक्टर तो मानतात. मात्र तसे त्यांनी म्हणायला हवे. दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने म्हणून चालणार नाही.

मनाकडे वळताना शरीर विसरायचे नाही. आई गप्प आहेत, झोपत नाहीत, थकलेल्या आहेत, हे सगळे उदासीनतेचे (डिप्रेशनचे) असू शकते; पण तोंडाच्या कर्करोगात मानेवरही रेडिएशन दिलेले असेल तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते आणि तेव्हाही माणूस असाच सुस्त, खिन्न आणि अबोल होतो. त्यासाठी टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी आहे. उपचार संपून दहा महिने होत आले, तेव्हा ती झाली आहे का ते विचारा. रक्त कमी असणे, जेवण अपुरे जाणे, जबडा आखडल्याने तोंड न उघडणे, आणि ज्याबद्दल आई कदाचित बोलतच नसतील अशी सततची वेदना, ही कारणेही तपासावी लागतात. वेदना थांबल्यावर आठवडाभरात मनाला उभारी आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कर्करोगात वजन, भूक, झोप ही सगळी आजाराने बिघडलेलीच असतात, म्हणून अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ त्यांवरून निदान करण्याऐवजी वेगळे प्रश्न विचारतात: कशातही रस वाटेनासा झाला आहे का, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते का, पुढे काहीच चांगले होणार नाही असे वाटते का. पालखी दारात आली आणि आई बाहेर आल्या नाहीत, ही तुम्ही टिपलेली गोष्ट त्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ती डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. उदासीनतेच्या गोळ्या लागल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची सवय लागत नाही. फक्त त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. (ही ओळ इतर वाचक भगिनींसाठी: स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन सुरू असेल, तर तसे मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे त्याच्या परिणामात अडथळा आणू शकतात आणि त्यांऐवजी दुसरी औषधे देता येतात.)

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आपल्या जिल्ह्यात आहे आणि त्यामुळे कोकणात ‘रत्नागिरीला नेणे’ याची जी दहशत बसली आहे, ती मी ओळखून आहे. तिथे उपचार घेणारी माणसेही आजारी माणसेच आहेत आणि त्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण दिरांना एवढे जरूर सांगा की आईंसाठी कोणी भरती सुचवलेली नाही. कर्करोगाच्या रुग्णाला समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे त्याला वेडा ठरवणे नव्हे. तीन रुग्णांमागे जवळजवळ एकाला उपचारांच्या काळात चिंता, उदासीनता किंवा आजाराशी जुळवून न घेता आल्याचा त्रास इतका होतो की मदत लागते. ही मदत बाह्यरुग्ण विभागात, अर्ध्या-पाऊण तासाच्या काही भेटींत मिळते. शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम रत्नागिरी जिल्ह्यातही आहे; त्यांचे पथक तुमच्या बाजूला कधी व कुठे येते, याची चौकशी उपजिल्हा रुग्णालयात करा. दर वेळी मुंबईला जाणे जमणार नसेल, तर चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात. तिथेही विचारून पाहा.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त थांबले, ते मासळीच्या धंद्याचे होते. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईचे सारे काही तिच्या आवाजावर चालते: हाक मारणे, भाव सांगणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे. आईंचा आवाज गेला, चेहरा बदलला, तोंडातून घास सांडतो आणि जन्माचा धंदाही सुनेकडे गेला. त्या पडवीत एकट्या जेवतात यामागे बहुधा लाज आहे आणि ती लाज समजुतीच्या चार शब्दांनी जाणार नाही. तिला नेमकी मदत लागते. वाचा-उपचारतज्ज्ञ उच्चार आणि गिळणे या दोन्हींवर काम करतात. जबडा उघडण्याचे व्यायाम, कोणता घास कोणत्या बाजूने घ्यायचा, पेज किती घट्ट ठेवायची, हे शिकवतात. रुग्णालयात त्यांचा विभाग असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घ्या. ती मागावीच लागते, आपसूक मिळत नाही. जोडीला मानसशास्त्रज्ञ रोजच्या दिवसात एक लहान, जमणारे, पूर्वी आवडणारे काम परत आणायला सांगतात. आईंच्या बाबतीत ते काम मी सुचवते आणि समुपदेशकांनाही सांगून पाहा: लिलावात बोली तुम्ही लावा, पण मासळी त्यांनी पारखावी. आधी घरी आणलेल्या पाटीतली, मग जमेल तेव्हा बंदरावर जाऊन. तुम्हाला अजून जे कळत नाही, ते त्यांना डोळ्यांनी आणि बोटांनी कळते.

मशेरीबद्दलही लिहिले पाहिजे. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो हे खरे आहे आणि ती पुन्हा सुरू होता कामा नये. परंतु ‘तूच ओढवून घेतलंस’ असे कोणी म्हणत असेल, किंवा कौल लावून ‘हिच्या हातून काही चुकले’ असे घरात ठरले असेल, तर ते तिथेच थांबवा. ज्या वयात आजीने हातावर मशेरी ठेवली, त्या वयात नाही म्हणायची समज कोणाला असते? ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालण्याने आईंना बळ येत असेल तर जरूर घाला. चांगले समुपदेशक रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस स्वतःहून करतात. श्रद्धेतून आधार मिळत राहावा आणि दोष मात्र आईंच्या माथी येऊ नये, एवढेच पाहायचे. शेजारपाजारचे त्यांची कपबशी वेगळी ठेवत असतील किंवा नातवंडांना जवळ जाऊ देत नसतील, तर गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी बोलवा आणि आईंच्या समोर सगळ्यांना सांगायला लावा की कर्करोग स्पर्शाने किंवा उष्ट्याने होत नाही आणि बाहेरून यंत्राने दिलेले रेडिएशन शरीरात साठून राहत नाही. तेच शब्द सरकारी कार्डाच्या माणसाने म्हटले की त्यांचे वजन वाढते.

‘घर बुडालं’ हे वाक्य पैशाचेही आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाचे हे मुख्य काम असते आणि अनेक कुटुंबे त्यांना भेटतच नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात, त्यांना शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून पुढील तपासण्या व उपचारांचे विचारा. तपासणीसाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला पूर्ण तिकीट माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला घेऊन खेड स्थानकावर आरक्षण करता येते. एसटीतही सवलत आहे, दापोली आगारात चौकशी करा. आणि आईंना हिशेब दाखवा. ज्या बाईने जन्मभर रोजचा रोकडा मोजला, तिच्यापासून उपचारांचा खर्च लपवला तर ती तो मनात दुपटीने धरते. किती लागले, किती योजनेतून झाले, किती उसने आहेत आणि धंद्यातून ते कसे फिटत आहेत, हे आकडे त्यांच्यापुढे मांडले तर कदाचित त्याच तुम्हाला काहीतरी सुचवतील.

भेटायला येणारे ‘धीर धर, चांगला विचार कर, सगळं मनावर असतं’ असे म्हणत असतील. डॉ. हॉलंड यांनी अशा सक्तीच्या सकारात्मकतेला कायम विरोध केला, कारण तिच्यामुळे आजार बळावला तर ‘माझंच मन कमी पडलं’ असा नवा दोष रुग्ण स्वतःकडे घेतो. मन उदास झाल्याने कर्करोग परत येतो, याला ठोस पुरावा नाही. मनाची काळजी घ्यायची ती आजचे जगणे सुसह्य व्हावे म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिले आहे: ‘आता तो मी करते.’ पहाटेचा धंदा, घर, मुले आणि रात्री जागणाऱ्या आई, हे सगळे सांभाळणाऱ्या माणसालाही तोच शून्य ते दहाचा प्रश्न विचारला गेला पाहिजे. समुपदेशकांशी आईंची वेळ ठरवाल तेव्हा स्वतःसाठी वेगळी पंधरा मिनिटे मागून घ्या, आणि महिन्यातून काही दिवस आईंजवळ राहायला जाऊबाईंनी किंवा दिरांनी यावे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

पुढच्या तारखेला जाताना दिरांनाही सोबत घ्या. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी परिचारिकेला सांगा की तो कागद आम्हाला पुन्हा हवा आहे आणि तो आईंनाच वाचून दाखवा. आत गेल्यावर तीन गोष्टी विचारा: थायरॉइडची तपासणी, वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी आणि समुपदेशकांची वेळ. ती वेळ आली की दिरांना घेऊन तुम्ही बाहेर बसा.